मका उभा असताना

ऑस्टरविक गावात सिग्नल एकच,
तोही रात्री नऊनंतर नुसता पिवळा मिचकावतो.
नगरपालिकेच्या तळघरात, बॉयलरशेजारी बसून
मी अपघातांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवते.
आठवड्यातून तीन दिवस, ताशी सोळा डॉलर.

फॉर्मवर सगळ्याला आकडा असतो.
हरीण: एकवीस. बर्फ: सात.
डोळ्यांवर ऊन: बारा.
"मागच्या सीटवरून मुलगी काहीतरी विचारत होती"
ह्याला आकडा नाही. ते मी "इतर"मध्ये टाकते,
नव्व्याण्णव.

पहिल्या वर्षी वाटायचं, अपघात कुठेही होतात,
वीज पडावी तसे.
मग भिंतीवर नकाशा लावला, टाचण्या टोचल्या.
शाळेसमोर दोन.
पेट्रोलपंपाच्या तोंडाशी वाकलेले बंपर, दर महिन्याला एखादा.
आणि गावाबाहेर, जिथे काउंटीचा खडीचा रस्ता
डांबरी रस्त्याला छेदतो,
तिथे टाचणीला जागा उरेना.

तारखा पाहिल्या.
सगळ्या जुलैअखेर ते सप्टेंबर.
भर दुपार, कोरडा रस्ता, कोणी प्यालेलं नाही.
घरी जाताना मुद्दाम तिथे गाडी उभी केली,
काच खाली घेतली.
चारही कोपऱ्यांवर मका. आठ फूट.
नुसती सळसळ,
आणि सळसळीच्या आत कुठेतरी एक ट्रक,
जवळ की लांब, कळत नाही.
मे महिन्यात इथूनच चर्चचं टोक दिसतं.

सभेत मी नकाशा गुंडाळून नेला.
इंजिनियर टेगलर भला माणूस. म्हणाला,
थांब्याची पाटी लावायची तर बारा महिन्यांत पाच लागतात.
तुमचे चार आहेत.
तुमचे, म्हणाला.
चौथी रोझलिन डायकस्ट्रा. शाळेच्या स्वयंपाकघरात होती,
माझ्या लेकाचं बिनमांसाचं सँडविच
वेगळ्या कागदात बांधून द्यायची, त्यावर त्याचं नाव,
स्पेलिंग दरवेळी निराळं.

आमच्यात म्हणतात, पाचामुखी परमेश्वर.
इथे तो चार तोंडांपाशी अडून बसला.

ऑगस्टभर सायरन ऐकला
की मी आधी मोजायचे, मग हळहळायचे.
हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.

वेंडल कोप, वय एक्क्याऐंशी, सभेत अगदी मागच्या खुर्चीत होता.
चारपैकी एक कोपरा त्याचा. तो त्याने त्याच आठवड्यात
छाटून टाकला, हिरवागार, कोवळ्या कणसांसकट.
उरलेले तीन कंपनीचे.
कंपनीला फोन लावला की पियानो वाजत राहतो.
पोस्टापाशी भेटला तेव्हा त्याने विचारलं,
"किती कमी पडतोय म्हणालीस? एक?"

सहा सप्टेंबरचा फॉर्म.
वाहन: जुना पिकअप. चालक: कोप, वेंडल.
धडक: कंपनीच्या कुंपणाचा खांब.
वेग: ताशी पाच मैल. जखमी: कोणी नाही.
ब्रेकच्या खुणा: नाहीत.
खाली शेरीफच्या पोराने पेन्सिलीने लिहिलेलं:
चालकाने स्वतः फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा
थर्मासमधली कॉफी पीत बसला होता. आम्हालाही दिली.

कारणाच्या रकान्यावर माझं बोट बराच वेळ.
नव्व्याण्णव म्हटलं असतं तर खोटं ठरलं नसतं.
मी चौदा दाबलं:
समोरचं दिसत नव्हतं.

पाटी आली नोव्हेंबरात,
मका कापून झाल्यावर.
लाल, अष्टकोनी. खाली ओल्या सिमेंटमध्ये
कुणाच्यातरी कुत्र्याचा पंजा.
आता चारही बाजूंना खुंटं, कावळे, चर्चचं टोक.
दोन मैलांत गाडी नाही, हे लख्ख दिसतं
तरी सगळे थांबतात.
मीही थांबते. ज्या बाजूने रोझलिन आली
त्या बाजूला आधी बघते,
मग दुसरीकडे,
मग मागचा कोणीतरी हॉर्न वाजवतो.