घाबाजरी

नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलं,
टायफा अंगुस्टिफोलिया.
खाली, जरा बारीक अक्षरात, पाणकणीस.
गौराक्का डवरी वाकून बघत होती.
वाचता येत नाही तिला, मी वाचून दाखवलं.
"एवढं लांबडं नाव कशापायी?
घाबाजरी म्हण की."
विळा लागला, काटा घुसला,
की कणसाचा भुस्सा दाबून धरायचा,
रगत थांबतं.
ही नोंद मी समासात केली.
समास गाईड मॅडम वाचत नाहीत.

ओढा उद्यमनगराच्या पाठीमागून निघतो,
पंचगंगेकडं जाता जाता रुंद होतो, आळसावतो,
तिथं ही उभी. पुरुषभर उंच.
नायलॉनच्या दोरीची चौकट,
एक मीटर लांब, एक मीटर रुंद.
अशा चौदा.
कांडं मोजायची, पानांची रुंदी मोजायची,
आणि वरचं नराचं कणीस, खालचं मादीचं,
यांच्यामधली दोन बोटं उघडी दांडी.
तीच या जातीची खूण.
रुंद पानाच्या जातीत दोघं चिकटून असतात.
गौराक्का म्हणाली, "ही शहाणी हाय."

नवव्या चौकटीत जांभळ्या पाणकोंबडीची सहा अंडी.
नववी वगळली.
कारणाच्या रकान्यात: प्रवेश शक्य नाही.

तिसऱ्या चौकटीत मागच्या साली लव्हाळा होता,
दोन कमळं होती.
यंदा फक्त हीच.
जमिनीखालून हात पसरत आली
आणि कुणाला जागा ठेवली नाही.
मला ती आवडत होती, म्हणून हे लिहिताना
पेन जरा अडखळलं.

मुळं धुतली, वाळवली, दळली, आम्लात उकळली.
यंत्रानं आकडे दिले.
जस्त, मुळात: चारशे बारा.
पानात: अडतीस.
म्हणजे ही गिळते
आणि वर फार थोडं जाऊ देते.
"उत्तम," मॅडम म्हणाल्या,
"पण उगमाचा रकाना रिकामा आहे."

आमचे आप्पा सव्वीस वर्षं
बोल्टांना जस्ताचा मुलामा देतात.
हौद, मग पाणी, मग दुसरा हौद, मग पाणी.
ते पाणी कुठं जातं, हे घरात
कधी कुणी विचारलं नाही.
मीही नाही. माझी फी त्याच पाण्यातून आली.
जेवायच्या आधी ते लिंबाच्या फोडीनं
नखं घासतात.

त्या रात्री म्हणाले,
"काय सापडलं मग तुझ्या गवतात?"
मी म्हटलं, जस्त. मुळाशी धरून ठेवतं.
घास तसाच हातात.
मग चेहरा सैल झाला त्यांचा,
कुणीतरी जुनी उधारी माफ केल्यासारखा.
"म्हंजे आमचं पाणी तिथंच थांबतंय म्हण की.
बरं झालं बाई."
मी आमटी वाढली.
सांगितलं नाही, की झाड कुजलं
तर धरलेलं पुन्हा सोडून देतं.
की मुळासकट उपसून न्यावं लागेल,
आणि कुठं न्यायचं
ते माझ्या प्रबंधात नाही.

रकान्यात सकाळी लिहिलं: धातूच्या मुलाम्याचे कारखाने.
अनेकवचन.
तेवढाच आडोसा.

गौराक्काला पान हवं होतं चटईसाठी,
सुनेचं दिवस भरलेत.
"ह्याच्यावर बाळ निजवलं तर चालंल का गं?"
सव्वादोन वर्षांत मला कुणी
इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.
अडतीस, मी मनात म्हटलं,
आणि मोठ्यानं: पानं घ्या. मुळं नको.
"मुळाला कवा हात लावला आमी?"

चौदाव्या चौकटीत पानाच्या कडेनं
माझा तळवा चिरला.
तिनं कणीस मोडलं, भुस्सा दाबला,
माझी मूठ आपल्या मुठीत धरून बसली.
पाण्यावर काहीतरी तेलकट चमकत होतं.
रक्त थांबलं.

कणसाचा नमुना मी अजून तपासलेला नाही.