लोणा

लश्करातल्या जुन्या पागेच्या भिंतीला
थंडीत पांढरी लव फुटायची.
लोक म्हणत, लोणा लागला, भिंत गेली.
अण्णा म्हणत, पिकली.
घोडे जाऊन साठ वर्षं झालेली,
त्यांचं मूत मात्र अजून विटांतून वर चढत होतं,
पेन्शनच्या अर्जासारखं, सावकाश.

शिंपल्याने खरवडायचं, राखेतून गाळायचं,
उकळून परातीत रात्रभर ठेवायचं.
सकाळी तळाशी सुया. लांब, बिनवासाच्या.
सोरा.
"हाच तोफेत, हाच बरणीत," अण्णा सांगत.
"किल्ल्यावर पोत्यानं लागायचा. आपल्याला रत्तीभर."

त्यांचे आजोबा सरदारांच्या मुदपाकखान्यात होते.
चंबळच्या बीहडातून डुक्कर यायचं, काळवीट यायचं,
बैलगाडीत दोन दिवस, तेही वैशाखात.
मीठ गाडीतच चोळलेलं असे.
ज्यानं चोळलं, तो एकाही फोटोत नाही.
फोटोत बंदूक आहे, बूट आहे,
बुटाखाली डोळे उघडे ठेवून पडलेलं जनावर आहे.

मग कायदा आला. काळवीट वाचलं, कृती उरली.
आता बोकडाची मांडी, हजिऱ्याच्या कल्लन कुरेशीकडून.
"भाई, पानी मत मारना."
"मारा है कभी?"
वीस वर्षं हेच, आणि दर वेळी कल्लनमियाँ नव्यानं दुखावत.

बोटाएवढ्या फाका, धाग्याच्या दिशेनं.
बारा भाग मांस, एक भाग मीठ; मुठीचा भरवसा नाही,
मूठ ज्याची त्याची.
हळद, कचरीची पूड,
आणि सोरा सोनाराच्या काट्यावर. जास्त झाला तर विष.

तासाभरात ताटात गुलाबी पाणी.
"मीठ किडे मारतं का, अण्णा?"
"मारत नाही. तहानेनं मरू देतं."

पुढे कॉलेजात दिवेकरसर फळ्यावर बाण काढत होते:
परासरण. मनुका, साखरेचा पाक, बटाट्याचा काप.
मला ताट दिसत होतं.
मी हात वर केला नाही.
त्या वर्गात अंड्याचंही नाव निघत नसे.

मुरारची आमची गच्ची. शेहेचाळीस अंश.
दोरीवर आमच्या फाका, पलीकडच्या खाटेवर वैद्यकाकूंचे पापड.
दोन्हींवर तीच लू.
लूला कळत नाही कोण काय खातं.
काकूंना कळे. त्या खाट हातभर सरकवत,
आणि संध्याकाळी आमच्याकडे मोहरीचं तेल तापलं
की खिडकी मात्र उघडी ठेवत.

फाक वाकवून बघायची.
मोडली, तर उशीर झाला.
वाकून मधोमध पांढरी चीर पडली, तर आत्ता.

मी हल्ली प्रयोगशाळेत लोकांच्या बरण्या तपासते.
यंत्र आकडा देतं: शून्य पूर्णांक ऐंशी.
पाणी आहे, पण जंतूंच्या कामाचं नाही.
सोऱ्याचंही ठाऊक झालंय:
जिवाणू त्याला फोडतात, त्यातून वायू सुटतो,
तो मांसातल्या लोहाला धरून बसतो,
शिजवलं तरी रंग सोडू देत नाही.
अहवालात मी लिहिते, "विहित मर्यादेत."
अण्णा नुसतं चाखून सांगत. त्यांचा अहवाल लवकर येई.

शेवटची दोन वर्षं त्यांना मीठ बंद होतं.
मूत्रपिंडं थकली. पायावर सूज.
बोट दाबलं की खड्डा पडे,
आणि भरून यायला वेळ लागे.
एकदा स्वतःच दाबून बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, "कच्चं आहे अजून."
आई हसली नाही. मी हसले.

पागेच्या जागी आता मॅरेज गार्डन आहे.
गेल्या पौषानंतर कुणाच्या तरी लग्नाला गेले होते.
मागची भिंत तीच, वर पिस्ता रंग.
रंगाखाली फुगवटा.
जेवणाच्या रांगेतून निघून मी तिथं गेले,
नखानं पोपडा काढला,
जिभेला लावलं.

गार.