सातशे दहा फेरे

कुंडईच्या वसाहतीत, एकोणीस नंबरच्या शेडमध्ये
इनासबाबच्या लेथला मी मीटर जोडला
तेव्हा तो म्हणाला, "ताप बघतेस काय गो तिचा?"
आणि चाळीस मिलिमीटरचा गज चकमध्ये आवळला.
बेतूलच्या कुठल्याशा ट्रॉलरचा शाफ्ट. स्टेनलेस. हट्टी.

मालकांनी सांगितलं होतं : बिल खाली आण, फिनिश वर.

मी हळू सुरुवात केली. दोनशे ऐंशी फेरे.
सावकाश म्हणजे काटकसर, असं सगळ्यांसारखं मलाही वाटायचं.
पण टूलच्या टोकाला धातू कणकेसारखा चिकटला,
शाफ्टभर ओरखडे,
आणि मीटर सगळा वेळ
घरमालकासारखा नुसतं भाडं मोजत बसला.

मग फीड वाढवली, पॉइंट तीन.
काम झटक्यात, युनिटं कमी,
वर मात्र नांगरट.
तीन वेग, तीन फीड, तीन खोली,
सत्तावीस तुकडे, चार दिवस, माझं एक बोट.

इनासबाब वहीत कधी डोकावला नाही.
तो किसाचा रंग बघायचा.
"निळा आला की इन्सर्ट रडतो. गव्हाळ आला की गप्प राहायचं."

सातशे दहा फेरे, फीड पॉइंट बारा.
कीस गव्हाळ, बोटाच्या पेराएवढा तुटत ट्रेमध्ये पडत गेला.
माझं यंत्र म्हणालं : एक पॉइंट दोन मायक्रॉन.
त्याने डोळे मिटून अंगठ्याचं नख फिरवलं
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
म्हणाला, "बरें."

तेवढ्यात स्विंडनहून मुलाचा फोन.
तो दाराशी गेला, पत्र्याच्या तुकडाभर सावलीत.
लेथ फिरतच राहिली,
टूल मागे घेतलेलं, कशालाच न शिवता.
मीटरवर एक पॉइंट एक किलोवॅट.
अकरा मिनिटं.
एका शाफ्टमागे चार दिवसांत मी जेवढं वाचवलं होतं
तेवढं त्या अकरा मिनिटांत गेलं.

लाल बटण माझ्या हातापासून वीतभर.
पण तो ओरडून विचारत होता, "जेवलास? आं? काल तरी जेवलास?"
आणि मशीन थांबली असती
तर पुढचं सगळं
अख्ख्या शेडने ऐकलं असतं.

अहवालात 'रिकामी फिरण्याचा वेळ' असा एक रकाना आहे.
त्यात मी एक आडवी रेघ मारली.
पट्टी न लावता. थोडी वाकडी आली.