ङ देश

राज्यशास्त्राला प्रॅक्टिकल नसतं,
म्हणून भूगोलवाल्यांचा हॉल मागून घेतला.
कर्वे रस्ता, तिसरा मजला.
खिडकीच्या उंचीवरून मेट्रो जाते
आणि डब्यातली माणसं
आमची अण्वस्त्रप्रसारबंदी परिषद
दोन सेकंद बघतात.

देशांना नावं द्यायची नाहीत, हा माझा नियम.
नावं दिली की पोरं घरचं भांडण घेऊन येतात.
म्हणून क, ख, ग, घ.
पाचवं पाकीट रेवती ढमढेरेला.
ङ.
ज्या अक्षरापासून एकही शब्द सुरू होत नाही.

आतल्या चिठ्ठीवर माझंच अक्षर:
‘तुमच्याकडे बॉम्ब नाही. करायचाही नाही.
खरं बोला.’
शिक्रापूरहून दोन बस बदलून येते ती,
म्हटलं, तिला जरा हलकं काम.

पहिल्या फेरीत ती म्हणाली, नाही.
फैजान तांबोळी हसला,
क देश, पाच हजार अस्त्रं, पुढची खुर्ची.
निरीक्षक सिमरन ओसवालने
तिची बॅग तपासली, कंपास तपासला,
डबा उघडायला लावला.
मेथीची भाजी, दोन भाकऱ्या.
अहवालात लिहिलं:
‘काही सापडलं नाही. संशय कायम.’

दुसऱ्या फेरीत ती म्हणाली, खरंच नाही.
‘खरंच’ हा शब्द घ देशाने टिपून घेतला.
निर्बंध लागले.
मधल्या सुट्टीत ङ ला चहा द्यायचा नाही.
मी नियमपुस्तिका चाळली,
तसा ठराव करता येत होता.
पुस्तिका मीच लिहिलेली.

तिसऱ्या फेरीत रेवती उभी राहिली,
ओढणी सारखी केली,
वहीत बघून वाचल्यासारखं म्हणाली,
‘आहे.’
‘किती?’
‘ते सांगणार नाही.’

हॉलमधला पंखा ऐकू यायला लागला.
मग फैजानने शेजारच्या खुर्चीवरची दप्तरं उचलली,
‘बस ना,’ म्हणाला.
निनाद गोसावी खाली धावला, चहा घेऊन आला,
वर क्रीमरोल.
चारही देशांनी तिच्या अटींवर सह्या केल्या
चार वाजून दहा मिनिटांनी.
माझ्या सात वर्षांत
इतक्या लवकर करार झाला नव्हता.

गुणपत्रिकेत रकाने आहेत:
वक्तृत्व, तयारी, भूमिकेशी प्रामाणिकपणा.
तिसऱ्यात शून्य द्यायला हवं.
पेन बुधवारपासून तिथेच आहे.
आज शनिवार.

जाताना तिने चिठ्ठी परत केली.
‘मॅडम, फळ्यावर तुम्ही ड लिहिलाय.
टिंब राहिलंय.’
आणि खडू घेऊन, दाबून,
स्वतःच दिलं.

काल त्या हॉलमध्ये डोकावले.
भूगोलवाल्यांनी सगळं पुसून
दख्खनचा नकाशा काढलाय.
टिंब तेवढं तसंच ठेवलंय.
त्यांना वाटलं असेल,
एखादं गाव असावं.