प्रतिसादक क्रमांक सतरा

धारबांदोड्याच्या वर, सड्यावर
स्कूटर जाते तिथवर गेली.
पुढे सगुणा लांबोर, मागून मी,
पाठीवर चाळीस प्रश्नावल्या, शाईचा पॅड
आणि बिस्किटांचे सहा पुडे,
जे संमतीच्या बदल्यात दिलेले नाहीत
असं लिहून द्यावं लागतं.

ताळगावच्या पठारावर, एसीच्या खोलीत
आम्ही ही प्रश्नावली मराठीत आणली.
'उदास' या एका शब्दावर तीन दिवस भांडलो.
सगुणा म्हणाली, आमच्या वाड्यावर कोणी उदास होत नाही,
'जीव रमत नाही' म्हणतात,
तेही बहुतेक म्हशीविषयी.
सर हसले. इतिवृत्तात ते आलं नाही.

सतरावी तिचीच मावशी, विठाबाय वरक.
गोठ्याच्या दारात बसली,
लुगड्याला पुसून अंगठा उमटवला
आणि निळ्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिली.

गेल्या दोन आठवड्यांत, मी वाचलं,
कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस झालं?
शून्य ते तीन.

ती माझ्याशी बोललीच नाही. भाचीला म्हणाली,
धाकू कुंडईला रातपाळीला गेला
तवापासनं चांदी पान्हा चोरते गो.
हात तोच. वेळ तीच.
तिला काय कळतं, तिलाच ठाव.
मग आत जाऊन डेअरीची वही घेऊन आली.
वाच, तू शिकलीस नव्हं?
साडेचार. चार. चार. सव्वातीन.
नवरात्रात तीन.
काल दोन.
पाणी नाही घातलं हां, असं दोनदा म्हणाली.

काय लिहू? मी विचारलं.
सगुणा म्हणाली, शून्य.

खांडेपारच्या पुलावर
ती मागून हेल्मेटमधून ओरडत होती,
तीन लिहिलं असतंस तर फोन आला असता,
फोनामागनं गाडी,
गाडी आली की वाडा म्हणणार, हिला बांबोळीला नेली.
मग धाकूला मुलगी कोण
एक ट्रक गेला. पुढचं ऐकू आलं नाही,
आणि मी परत विचारलं नाही.

खरं तर त्या एका वाक्यापुरता
मला दुभाषा नकोच होता.
शिरोड्याला आमच्याही दारात गाय होती.
पण शून्याला पेन उचलावं लागत नाही.

आता भिंतीवर तक्ता लागलाय.
वाड्याची सरासरी एक पॉइंट एक.
चिवट आहेत हो लोक, सर म्हणतात.
सगुणा उठून एसी दोन अंशांनी वाढवते,
मग परत कमी करते.

सतराव्या कागदाच्या समासात पेन्सिलीने काही आकडे आहेत.
साडेचारपासून खाली.
सर विचारतात, हे काय?
दूध, मी म्हणते,
आणि खोडरबर शोधत असल्यासारखी
ड्रॉवर उघडून
बसून राहते.