पाच मिनिटं

सुरी उघडलीच होती मी,
तेवढ्यात खालून आवाज आला: थांब, एंडेल.
माइमु. शेवाळात पोटावर पडलेली,
हनुवटी मातीला टेकलेली, केसांत पाइनच्या सुया,
आणि कॅमेरा माझ्या अळंब्याच्या तोंडाशी.

माझ्याच म्हणायचं.
दोन आठवडे या जागेवर डोळा ठेवून होतो,
येताना ओढ्याला वळसा घालून,
मागे कोणी नाही ना बघत.
आमच्या व्होरूकडे माणूस बँकेतला आकडा सांगेल एक वेळ,
अळंब्यांची जागा सख्ख्या भावालाही नाही.

पाच मिनिटं, ती म्हणाली.
पस्तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले हिने,
पाच मिनिटं म्हणजे किती ते हिला कळायला हवं.
उन्हाची वाट बघत होती.
ऑक्टोबरात. इथे.

मग म्हणाली, नुसता उभा आहेस तर हे धर.
कॉफीचं पाकीट, कापून उलटं केलेलं,
आतून चंदेरी.
कुरकुरत्या गुडघ्यांनी बसलो.
थोडं वर. तुझ्याकडे नको, त्याच्याकडे.
आणि छत्रीखाली उजेड शिरला.

साठ वर्षं कापतोय मी ही.
खालचा तो पिवळट स्पंज
बायको होती तेव्हा अंगठ्याने खरवडून टाकायची,
शिजल्यावर बुळबुळीत होतो म्हणून.
त्यात भोकं असतात, ठाऊक होतं.
प्रत्येक भोकात त्याचा त्याचा अंधार असतो,
हे नव्हतं.
देठावर पांढरी जाळी, विणलेली वाटावी अशी,
आणि जाळीवरून एक गोगलगाय, मोहरीएवढी,
निघालेली.
माझा हात हलला. माइमु ओरडली.

नंतर तिने पडद्यावर दाखवलं.
छान, मी म्हणालो. यात किडे आहेत का?
ते तुझी सुरी सांगेल.

सुरीने सांगितलं.
बुडापासून छत्रीपर्यंत बोगदेच बोगदे,
आणि त्यांतून वळवळत, उजेडाला वैतागलेले
ते सगळे.
फेकणार होतो. तिने दोन्ही फाकी मागून घेतल्या,
शेवाळावर उताण्या मांडल्या
आणि पुन्हा पोटावर पडली.

टोपलीत जेमतेम अकरा पिवळी, चिमुकली.
घरी स्टोव्ह विझत आलेला,
कुत्रा सकाळपासून बांधलेला,
दोरा-सुई टेबलावर तशीच.

पाकीट आता कुठल्या बाजूने धरू,
एवढंच मी विचारलं.