दोन तासांचा परवाना

बसमध्ये आम्ही अकरा जण, सगळे पांढऱ्या कागदी अंगरख्यांत.
मिसाओने मला चालण्यावरून ओळखलं,
चेहरा तर मास्कखाली होता.
"तुझ्या परसातल्या पर्सिमनला यंदा लगडून फळ आलं असेल."
म्हटलं, "असेल. रानडुकरांना विचार."

परवान्यावर वेळ दहा ते बारा.
सोबत एकच पिशवी, त्यांनीच दिलेली.
गळ्यात मोजयंत्र, रातकिड्यासारखं किरकिरणारं,
पण हा किडा भर दिवसा ओरडतो
आणि जवळ गेलं तरी गप्प होत नाही.

वळणावर तो दगड अजून उभा आहे,
पणजोबांच्या काळच्या लाटेनंतर गावानं कोरलेला:
याच्या खाली घर बांधू नका.
आम्ही वरच बांधली घरं.
प्रकल्पवाल्यांनी टेकडीच कापून खाली आणली,
समुद्राचं पाणी ओढायला पंपांना सोपं जावं म्हणून.
शाळेच्या पडवीत सभा भरली, एक गृहस्थ
नकाशावर पट्टी टेकवत म्हणाले,
एवढी लाट हजार वर्षांत एकदा.
सासूबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या,
"मागची हजार कधी सुरू झाली, लिहून ठेवलंय का कुणी?"
सगळे हसले. मग चहा झाला.
पुढे किइची तिथेच लागला
आणि आमच्याकडे फ्रीज आला.

किइचीचं काम तळघरात, डिझेलच्या जनित्रांपाशी.
वीज गेली तर ही उठतात, सांगायचा.
महिन्यातून एकदा उठवून बघायची,
तेल, पट्टे, थोडी घरघर, पुन्हा झोप.
"तळघरात का पण?"
"आराखड्यात तशीच होती," म्हणाला,
आणि माशाचा काटा काढत राहिला.

त्या दुपारी आधी जमीन हलली.
भट्ट्या आपोआप थांबल्या. वीज गेली. जनित्रं उठली.
सगळं ठरल्याबरहुकूम,
पाऊण तास.

मग समुद्र जिना उतरून तळघरात आला.

लोक मला समजावून सांगतात, मी मान हलवते,
तरी उमगत नाही:
पाण्यात बुडालं
आणि पाण्यावाचून जळालं.
भिंतीपलीकडे अख्खा समुद्र, आत घशाला कोरड.
निखारे ओढून घेतले तरी चूल तापलेली राहते,
हे मला कुणी शिकवायला नको,
पण या चुलीला निवायला
नातवंडांची नातवंडं लागतील म्हणे.

किइचीला अठरा दिवसांनी वर आणलं.
खिशात त्याची वही होती. वही देता येणार नाही, म्हणाले,
झेरॉक्स दिली.
शेवटची ओळ: दोन नंबर, तेलाची पातळी ठीक.

घरात भिंतीवर मार्च.
गादीवर डुक्कर झोपून गेल्याचा खळगा, केसांसकट.
पन्हाळीखालच्या शेवाळाशी वाकले
तर किडा पिसाळलाच;
तिथेच मी तांदूळ धुवायची.
पिशवी रिकामी आणि साडेअकरा वाजलेले.
फोटो उचलले, ठेवले.
शेवटी घेतला तो मुळ्याच्या लोणच्यावर ठेवायचा दगड,
सासूबाईंनी नदीतून निवडून आणलेला,
बाळाच्या डोक्याएवढा.

नाक्यावरचा पोरगा नम्र होता, माझ्या धाकट्याच्या वयाचा.
त्यानं दगडावरून यंत्र तीनदा फिरवलं,
चौथ्यांदा फिरवलं.
"आजी, आकडा जास्त आहे. धुतला तर उतरेल थोडा."
"कुठल्या पाण्यानं?" मी विचारलं.

त्यानं फॉर्मकडे पाहिलं.
त्यात तसा रकाना नव्हता.
मागे बसचा हॉर्न वाजला,
आणि दगड आम्हा दोघांच्या मध्ये टेबलावर,
कागद उडू नयेत म्हणून ठेवल्यासारखा.